देह शोधायला गेलेली माणसं

ते मुलीचा देह काढायला गेले होते.

१९९३ च्या ऑक्टोबरचे पहिले दिवस. औसा तालुक्यातलं मंगरूळ. भूकंपाला पाचवा दिवस लागला होता आणि ढिगाऱ्याखाली कुणी जिवंत असेल ही आशा आता गावानं सोडली होती, लष्करानंही सोडली होती. जवान मेलेल्यांना बाहेर काढत होते आणि गावकरी हाती लागेल त्या लाकडावर त्यांना अग्नी देत होते. एका घरच्यांचं मागणं तेवढंच होतं : दीड वर्षाची लेक खाली राहिलीय, तिची माती तरी आम्हाला करू द्या.

लष्कराचा एक अधिकारी सरपटत आत शिरला. घर पलंगावर कोसळलं होतं आणि पलंगाखाली हातभर पोकळी उरली होती. तिथं ते लेकरू होतं. आणि ते जिवंत होतं.

त्या आठवड्यात ही बातमी देशभर पोचली. आपल्याकडे लोकांनी तिला लगेच चमत्कार म्हटलं, आणि म्हणावं अशीच ती होती. पण त्याच बातमीच्या शेजारी दुसरा आकडा छापलेला असायचा. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा आदल्या दिवशीचं गणपतीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि भोवतालची गावं गाढ झोपेत होती. माळवदाची घरं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर तुळया, तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहणाऱ्या याच घरांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसं सांभाळली होती, आणि त्या पहाटे त्यांनीच ती गाडली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

एक उठली. आठ हजार उठली नाहीत. चमत्कार म्हणताना जीभ अडखळते ती इथं.

या अडखळण्यातून मी एका जुन्या गोष्टीकडे वळलो. तीही देह शोधायला गेलेल्या माणसांचीच आहे आणि निम्मं जग तिच्यावर दोन हजार वर्षं वाद घालत आलं आहे. तिचा माग काढताना हाती लागलं एक मराठी पुस्तक. तेही गाडलं गेलं होतं. आणि तेही बाहेर आलं, पण कुणी शोधलं होतं त्या रूपात नाही.

•

यरुशलेमची गोष्ट सगळ्यांना ऐकून ठाऊक असते, वाचून कमी. शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं. शनिवार शब्बाथ, म्हणजे यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस. कुणी काही करायचं नाही. रविवारी भल्या पहाटे काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या. त्या पुनरुत्थान पाहायला निघाल्या नव्हत्या. त्यांना मेलेल्या माणसाचं शेवटचं करायचं होतं. मंगरूळच्या त्या घरासारखंच, माती तरी नीट होऊ दे एवढंच.

कबर रिकामी होती.

पुढं काय झालं हे चारही शुभवर्तमानं सांगतात आणि नवल म्हणजे चौघांनीही त्यात शंका ठेवून दिली आहे. मार्क म्हणतो, बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. बायबलची चौथ्या शतकातली दोन थोर हस्तलिखितं आहेत, एक सिनाईच्या मठातून बाहेर आलेलं आणि दुसरं व्हॅटिकनमधलं. त्या दोन्हींत मार्कचं शुभवर्तमान इथंच, भीतीवरच संपतं. लूक सांगतो की बायांनी येऊन सांगितलं तेव्हा शिष्यांना ती बाष्कळ बडबड वाटली. योहानाच्या कथेत मरीया मग्दालीया समोर उभ्या येशूला बागेचा माळी समजते. मत्तय तर शेवटच्या भेटीतही, डोंगरावर सगळे त्याच्या पाया पडत असताना, काहींना संशय वाटला हे नोंदवून ठेवतो.

धर्म पसरवायला निघालेली माणसं आपल्याच ग्रंथात असं का लिहितील? खोटी साक्ष रचायची असती तर या ओळी पहिल्यांदा खोडल्या असत्या. त्या काळच्या यहुदी रिवाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं; तरी पहिल्या साक्षीदार बायाच ठेवल्या आहेत. यानं पुनरुत्थान सिद्ध होत नाही. पण सांगणाऱ्यांना शंकेची भीती वाटत नव्हती एवढं नक्की दिसतं.

आणखी एक गोष्ट इथंच स्पष्ट करायला हवी. मंगरूळची मुलगी वाचली, ती मेली नव्हती. येशूनं लाजराला उठवल्याची कथा आहे, याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवल्याचीही आहे. पण तेही पुढं कधीतरी मरणारच होते. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला पुनरुत्थान म्हणते ते परत येणं वेगळं. मरणाच्या अलीकडे परतणं म्हणजे वाचणं. मरण ओलांडून पलीकडे उभं राहणं म्हणजे पुनरुत्थान. ग्रीकमधला मूळ शब्दही ‘उभं राहणं’ असाच आहे, आणि आपल्या ‘उत्थान’ शब्दातही तेच आहे. दावा एवढा मोठा असल्यावर शंकाही तेवढीच मोठी येणार. संत पौलानं करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहिलं, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणंही फुकट आणि तुमची श्रद्धाही फुकट. सगळं त्यानं या एका गोष्टीवर लावलं.

ही गोष्ट मराठीत पहिल्यांदा एवढ्या विस्तारानं कुणी सांगितली? तो माणूसही एकदा देह शोधायला गेला होता.

•

जुलै १५८३. गोव्यातली साष्टी. कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट पाद्री आणि त्यांच्यासोबतचे काही लोक मारले गेले. त्या पाचांतला रुदोल्फ आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातून परतला होता. मारून देह विहिरीत टाकले होते.

कुंकळ्ळीचा राग उगाच नव्हता. पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली होती, कुंकळ्ळीचंही सुटलं नव्हतं. पाद्री आले ते नव्या चर्चसाठी जागा पाहायला, क्रूस रोवायला. गावकऱ्यांच्या लेखी ते जमीन आणि देव दोन्ही हिरावणारे होते. पुढं सूडही तसाच उगवला गेला. बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि पंधरा जणांना चौकशीशिवाय मारून टाकलं. त्यांचे देह कुणी शोधले, कुणी दिले, याबद्दल त्या काळची पाद्र्यांची कागदपत्रं फारसं बोलत नाहीत.

पाद्र्यांचे देह मात्र मिळाले. ते मिळवून मातीआड करण्याच्या कामात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता. विल्टशायरमधल्या बुशटन गावचा, जन्म १५४९ च्या सुमाराचा. इंग्लंडात कॅथलिक राहणं धोक्याचं झाल्यावर रोमला जाऊन जेझुइट झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. भारतात येऊन राहिल्याची नोंद असलेला हा पहिला इंग्रज, असं बहुतेक इतिहासकार मानतात. चौतिशीतल्या या माणसानं आपल्याच सोबत्यांची प्रेतं पाहिली. मंगरूळच्या अधिकाऱ्यासारखा धक्का त्याच्या वाट्याला आला नाही. विहिरीतलं कुणीही जिवंत नव्हतं.

त्याच वर्षी, तीनेक महिन्यांनी, त्यानं आपल्या भावाला एक पत्र लिहिलं. त्यात या देशातल्या भाषांबद्दल तो लिहितो, की त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सनं संस्कृत आणि ग्रीकचं नातं जगापुढे मांडलं त्याला अजून दोनशे वर्षं होती. ज्या भूमीनं सोबत्यांचे बळी घेतले, त्या भूमीच्या भाषेचं व्याकरण हा माणूस कान देऊन ऐकत होता. मला त्या पत्रापाशी थांबावंसं वाटतं. त्या वर्षी त्याला सुडाची भाषा शिकणं सोपं होतं. तो मराठी शिकला.

•

आणि शिकला तीही कुठली? ओवीतली, आणि ती ओवी आपल्याच मराठवाड्याची. त्या काळी पैठणला एकनाथ लिहीत होते; त्यांनी १५९९ मध्ये देह ठेवला. अंबाजोगाईला दासोपंत होते, स्टीफन्सहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. त्यांची कापडावर लिहिलेली पासोडी आजही अंबाजोगाईचं वैभव म्हणून दाखवतात. त्याच अंबाजोगाईत त्याआधी चारशे वर्षं मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ झाला. मराठवाड्याच्या मातीत घडलेली ही ओवी कोकण उतरून साष्टीपर्यंत पोचली होती. तिथं पोर्तुगीज सत्तेनं पोथ्या जाळल्या, पुराणं ऐकणं बंद केलं; पण कानांना लागलेली ओवीची सवय कशी जाळणार?

स्टीफन्सच्या ग्रंथाची सुरुवातच या भुकेतून होते. धर्मशिक्षण चाललेलं असताना नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला दुसरं काही का देत नाही? या मागणीत श्रद्धा आहे तेवढीच तक्रार आहे. स्टीफन्सनं ती दडवली नाही, ग्रंथाच्या दारातच उभी केली.

त्यातून ‘क्रिस्तपुराण’ झालं. १६१६ मध्ये ते रायतूरच्या जेझुइट कॉलेजात छापून निघालं. दोन पुराणं, मिळून एकूण १०,९६२ ओव्या. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या येण्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण. आरंभी मराठीची थोरवी सांगताना तो तिला खड्यांतल्या रत्नाची, फुलांतल्या मोगरीची, सुगंधांतल्या कस्तुरीची उपमा देतो. मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना त्या ओव्या तोंडपाठ आहेत.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. या पुराणात कथा सांगता सांगता श्रोता मध्येच उठून प्रश्न विचारतो. काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, तर ब्राह्मण विचारतो की मद्यासारखी वस्तू देवानं का निर्माण केली. पाद्रीला त्याच्या देशातली चालरीत सांगून समजूत घालावी लागते. कीर्तनात बुवाला शंका विचारावी, तसंच हे. शंका विचारणाऱ्याला बाहेर न घालवता त्याची शंका ओवीत बांधायची, ही आपल्याकडची जुनी चाल या परदेशी माणसानं अचूक उचलली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून चालू होतं, शंकेला शिक्षा होत होती. त्याच गोव्यात, त्याच चर्चच्या परवानगीनं, मराठी ओवीत शंका निर्धास्त बसली होती.

एक इच्छा मात्र राहिली. ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ मध्ये त्यानं रोमला जेझुइट संघाच्या प्रमुखाला पत्र लिहून इथल्या लिपीत छपाई व्हावी असं मागितलं. रोमन अक्षरं मोजकी. इथल्या लिपीला शेकडो साचे लागणार. तो प्रमुख म्हणजे क्लॉडिओ आक्वाविवा, कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फचा काका. खिळे काही पडले नाहीत. १६१९ मध्ये स्टीफन्स वारला. आपलं मराठी पुस्तक मराठी अक्षरांत त्याला पाहायला मिळालं नाही.

•

मग पुस्तकही मेलं. १६१६ ची आवृत्ती, १६४९ ची, १६५४ ची : तीन वेळा छापलेल्या या ग्रंथाची त्या छपाईतली एकही प्रत आज जगात कुठं सापडलेली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला, तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलायला शिकावं म्हणून. पुस्तकं वाळवीनं खाल्ली, दमट हवेनं खाल्ली, हुकमांनी खाल्ली.

उरली ती हातानं केलेल्या नकलांत. गोव्यातून निघून मंगळूरकडे वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या नकला सोबत नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानानं तिथल्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं. १७९९ पर्यंत ते तिथं राहिले. त्या काळोखात पुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, अशी त्या समाजाची आठवण आहे. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी अशाच नकला मिळवून, ताडून, मंगळूरहून रोमन लिपीत ग्रंथ पुन्हा छापला. अडीचशे वर्षांनी पुस्तक उठून उभं राहिलं.

पण त्याच्या अंगावर अजून परक्या लिपीची वस्त्रं होती.

•

इथं गोष्टीत तिसरा माणूस येतो. रेव्हरंड जस्टिन ॲबट, अमेरिकन मराठी मिशनचे. जन्म १८५३ चा, मिशनऱ्याचाच मुलगा, मराठी लहानपणापासून कानावर पडलेली. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबानं कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. त्यानंतरच्या अस्वस्थ महिन्यांत टिळकांनी नाव लपवून पत्रव्यवहार केला तो याच ॲबट यांच्याशी. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निवृत्तीनंतर ॲबट अमेरिकेला परतले आणि म्हातारपण त्यांनी महाराष्ट्राच्या संतांना दिलं : एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, आणि आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचं चरित्रही त्यांनी इंग्रजीत आणलं.

लंडनच्या प्राच्यविद्या शाळेत विल्यम मार्सडेन या विद्वानाचा ग्रंथसंग्रह होता. मार्सडेन १८३६ मध्ये वारले. त्यांचा संग्रह आधी किंग्ज कॉलेजात आणि तिथून या शाळेत आलेला. त्यात दोन देवनागरी हस्तलिखितं होती, ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’. नावावरून कुणीही हिंदू पुराणंच समजावं. मराठी संतवाङ्मयात मुरलेल्या ॲबट यांनी ती वाचली आणि ओळखलं, की ओव्या स्टीफन्सच्या आहेत. ज्या अक्षरांची वाट पाहत तो म्हातारा पाद्री मेला, त्या अक्षरांत त्याचं पुराण लंडनच्या फडताळात पडून होतं. १९२३ मध्ये ॲबट यांनी त्या शाळेच्या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केलं : मूळ सापडलं.

मरीयेला माळी वाटला, तो माळी नव्हता. इथं वाचणाऱ्यांना जे दुसरंच पुराण वाटत होतं, ते क्रिस्तपुराण निघालं.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण खऱ्या शोधाला शेपूट असतं. रोमन प्रतीत जिथं पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत तिथं या देवनागरी प्रतीत पुष्कळदा संस्कृत-मराठी शब्द आहेत. ॲबट यांना वाटलं की हेच मूळ, परके शब्द मागाहून घुसले. पुढच्या अभ्यासकांनी शंका काढली : उलटंही असू शकेल, रोमन पोथी समोर ठेवून कुणीतरी नंतर देवनागरीत उतरवताना ती शुद्ध केली असेल. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली ती सालढाणांच्या रोमन पाठावरून. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांनी आणि नंतर नेल्सन फल्काव यांनी पुन्हा नव्यानं काम केलं. मूळ कोणतं, हा प्रश्न अभ्यासकांत अजून मिटलेला नाही.

म्हणजे बघा, हाती काय आहे? मूळ छापील देह नाही. ती जागा रिकामी आहे. आहेत ते साक्षीदार, आणि त्यांच्या साक्षी शब्दाला शब्द जुळत नाहीत. तरी पुराण होतं याबद्दल कुणाला संशय नाही, कारण तीनशे वर्षं माणसं ते उतरवून घेत राहिली, कैदेतही म्हणत राहिली. यरुशलेमच्या गोष्टीची रचना हुबेहूब अशीच आहे. रिकामी कबर, आणि चार साक्षी, तपशिलात एकमेकींशी न जुळणाऱ्या. पुस्तकाच्या बाबतीत आपण हे सहज मानतो, माणसाच्या बाबतीत मानत नाही. आणि तेही बरोबरच आहे. पुस्तकाची नक्कल होते. मेलेला माणूस उठलेला आपण कुणी पाहिलेला नाही. शंका तिथं हक्कानं बसते.

•

स्टीफन्सचं नाव थॉमस, आणि हा योगायोग मला सोडवत नाही. येशूच्या बारा शिष्यांतला थोमा म्हणजे शंका घेणारा. येशू बाकीच्यांना भेटला तेव्हा हा नव्हता. सगळे म्हणाले आम्ही त्याला पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांच्या वणांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. त्याला कुणी मंडळीतून काढलं नाही. आठ दिवस तो शंकेसह त्यांच्यातच राहिला. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला, बंद दारांतून. आल्या आल्या त्यानं आधी सगळ्यांना शांती दिली. मग थोमाला म्हणाला, बोट इकडे आण.

इथं क्रम पाहण्यासारखा आहे. शांती आधी, पुरावा नंतर. शंका मिटली म्हणून शांती मिळाली असं घडलेलं नाही. शंका घेऊन बसलेल्यालाही शांती दिली गेली. आणि पुरावा म्हणून पुढे काय केलं? जखमा. मरण ओलांडून आलेल्या देहावर जखमा तशाच आहेत. भरल्या नाहीत, पुसल्या नाहीत. थोमानं खरंच बोट घातलं का, हे योहान सांगत नाही. स्टीफन्स साष्टीत असतानाच तिकडे रोमला काराव्हाज्यो हा चित्रकार थोमाचं बोट जखमेत घातलेलं रंगवत होता, पण ते चित्रकाराचं मत. ग्रंथ तिथं गप्प राहतो. परंपरा एवढंच सांगते, की हाच शंकेखोर पुढं सगळ्यांत लांब, भारतापर्यंत आला.

टिळकांचीही गोष्ट अशीच अपुरी राहून पुरी झाली. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं ओवीबद्ध चरित्र त्यांनी लिहायला घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर ९ मे १९१९ ला ते गेले. क्रूस आणि पुनरुत्थान यांपर्यंत ते पोचलेच नाहीत. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईनं नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पाच वर्षं वियोग सोसला, जिचं शाळेत शिक्षण झालं नव्हतं, तिनं विधवेपणी त्या अवघड पहाटेपर्यंत कथा आणली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तानं पुरा केला आणि १९३८ मध्ये ग्रंथ निघाला. एका घरातल्या तिघांनी मिळून कबरीपाशी जाऊन परत येणं लिहिलं.

•

आणि किल्लारी? तिथल्या आठ हजारांचं काय, याचं उत्तर यातल्या कुठल्याही पोथीत नाही. कुणी देऊ लागलं तर ऐकू नये. ख्रिस्ती वर्षात शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक शनिवार येतो. त्या दिवशी वेदी उघडी असते, काही घडत नाही, कुणी काही बोलत नाही. आपल्या भागानं तो शनिवार फार मोठा भोगला. त्याला रविवार येतो, ही श्रद्धा ज्याची त्याची. शनिवार होता, हे मात्र कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पण शांतीबद्दल एक गोष्ट मला या माळवदांच्या मुलखातच कळली. यरुशलेमचे शिष्य भीतीनं दारं लावून बसले होते. आपली माणसं भूकंपानंतर भीतीनं दाराबाहेर बसली होती. छताखाली जायला धजत नव्हती. पुढं नवी गावं वसली, नवी घरं मिळाली, भिंती मजबूत आहेत म्हणून इंजिनिअरांनी सांगितलं. तरी रात्र झाली की माणसं बाजा काढून अंगणात निजायची. घर पडणार नाही हे डोक्याला पटलेलं, पण अंगाला पटत नव्हतं.

जुन्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ग्रीकमध्ये जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘निजायची जागा’. निजलेला माणूस उठतो, या भरवशावर ठेवलेलं नाव. त्या पहाटे आपली माणसं निजलेलीच होती, म्हणून हा शब्द मला पहिल्यांदा वाचला तेव्हा कडू लागला होता. अजूनही थोडा लागतो.

मग कधीतरी, कुणी तारीख लिहून ठेवली नाही अशा एका रात्री, पाऊस आला असेल, किंवा लेकरू गारठलं असेल. कुणा आईनं बाज उचलून आत नेली असेल. मनातला कंप तोच होता. दार लोटून घेतलं आणि लेकराला कुशीत घेऊन ती छताखाली आडवी झाली. तिला कुणी पुरावा दिलेला नव्हता. तिला झोप लागली.